अफिफाला अयशस्वी ठरवण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
जिल्हा नवतंत्रज्ञान कक्ष,
नाशिक.

अर्जदार: सकीना निसार मनियार, रा. सिन्नर.

विषय: कु. अफिफा निसार मनियार, वय तीन वर्षे, हिचे नाव 'यशस्वी' या सदरातून काढून 'अयशस्वी' या सदरात घेण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयातील श्री. यादव यांच्याशी झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

अर्जदाराची मुलगी अफिफा हिला जन्मापासून ऐकू येत नाही. अंगणवाडीतल्या शिबिरात आपल्या कक्षाच्या प्रायोगिक प्रकल्पातून तिला कानाचे यंत्र मिळाले. ते नाशिकच्याच इंजिनिअरिंगच्या मुलांनी तयार केलेले असून त्याचा आवाज मोबाईलमधल्या ॲपवरून, प्रकल्पाच्या सर्व्हरमार्फत जुळवावा लागतो.

यंत्र चांगले होते, हे अर्जदार आधीच नमूद करते, म्हणजे गैरसमज नको. यंत्र लावल्यावर अफिफाने सर्वांत आधी कुकरची शिट्टी ऐकली. वळली, बोट दाखवले, आणि काही दिवसांनी 'कूक' म्हणाली. त्या दिवशी अर्जदाराने डाळीचा गाळ होईपर्यंत शिट्ट्या होऊ दिल्या.

मार्चअखेर प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला. नाशिकला कार्यक्रम झाला, अफिफाला स्टेजवर बोलावले, मागून टाळी वाजवली, ती वळली. तो फोटो आपल्या कार्यालयाच्या जिन्यात लावलेला आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲपवर 'सेवा उपलब्ध नाही' असे येऊ लागले आणि यंत्र मुके झाले. अर्जदार अधूनमधून अफिफाच्या पाठीमागे स्टीलचे ताट पाडून बघते. शेजारच्या नवसाबाई भिंतीपलीकडून विचारतात, "काय गं, पुन्हा पाडलंस?" अफिफा मान वळवत नाही.

अर्जदार आपल्या कार्यालयात आली असता श्री. यादव यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सर्व ऐकून घेतले. ते म्हणाले, "ताई, प्रकल्प यशस्वी झाला म्हणून तर बंद झाला. फेल गेला असता तर मुदतवाढ मागता आली असती." पुढे चालू का ठेवत नाहीत, असे विचारल्यावर म्हणाले, "दरवर्षी नवी कल्पना लागते वरती. जुनी चालवण्याला नवसंकल्पना म्हणत नाहीत हो." यंदा शेतावरच्या ड्रोनचे चालले आहे, असेही त्यांनी सांगितले. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही.

त्यानंतर अर्जदार नेहमीच्या योजनेतले यंत्र मागण्यासाठी सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या ऑपरेटरने नाव टाकताच स्क्रीनवर 'श्रवणक्षमता प्राप्त' असे आले. "हिला ऐकू येतं की," तो म्हणाला, आणि खात्रीसाठी त्याने अफिफाच्या तोंडासमोर टाळी वाजवली. अफिफा हसली. "बघा, हसली." तिला त्याचे हात दिसले होते. अर्जदाराने हे सांगितले, पण नोंद ज्या कार्यालयाने केली त्यानेच ती बदलायची असते, असे उत्तर मिळाले. म्हणून हा अर्ज.

अर्जदार स्वतः बी.एस्सी. आहे. प्रयोग संपला तरी ज्याच्यावर प्रयोग झाला ते मूल घरी येते, जेवते, वाढते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की बोलणे यायचे ते याच वयात येते, नंतर वाट बघून उपयोग नसतो. अफिफाचा 'कूक' हा शब्द आता गेलेला आहे.

अर्जदाराचे पती श्री. निसार यांनी अर्जाचा मसुदा वाचून विचारले, "आपल्याच पोरीला आपणच नापास करायचं?" अर्जदाराकडे दुसरा मार्ग नाही. सर्व्हर सुरू करणे आपल्या हातात नसेल, तर निदान अफिफाला अयशस्वी घोषित करावे, म्हणजे ती पुन्हा रांगेत उभी राहू शकेल. जिन्यातल्या फोटोला हरकत नाही. फोटो चांगला आलेला आहे.

आणखी एक गोष्ट. चौकशीसाठी कोणी घरी आल्यास त्यांचा गैरसमज होऊ शकतो, म्हणून लिहिते. अफिफा रोज सकाळी यंत्राची डबी घेऊन येते आणि कान पुढे करते. अर्जदार यंत्र लावते. मग ती कुकरसमोर बसून शिट्टीकडे टक लावून बघते. शिट्टी वर उचलली जाऊन वाफ निघाली की वळून अर्जदाराकडे बघते. अर्जदार मान हलवते, की हो, वाजली.

ते खरे नाही. कृपया त्यावरून यश धरू नये.

निर्णय लेखी कळवावा.

आपली नम्र,
सकीना निसार मनियार
सिन्नर, दि. १४ जुलै २०२५

सोबत:
१) दवाखान्याचा कागद.
२) कार्यक्रमात मिळालेले गौरवपत्र (मूळ प्रत, परत नको).
यंत्र जोडलेले नाही. ते अफिफा देत नाही.