पुन्हा गेलेले निरोप

कोल्हापूर
२२ एप्रिल २०२५

आदरणीय विश्वजित सर,

सादर नमस्कार. परवा शिवाजी पेठेत तुमच्या घरी येऊन गेले, पण मनासारखं बोलणं झालंच नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकलेलं तुम्हाला बरंच समजतं, वाचायला अजून जमत नाही. म्हणून हे पत्र क्रांती वहिनींनी वाचून दाखवावं. वहिनी, सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटेल, तरी थांबू नका.

इकडे सगळं बरं आहे. हंगाम संपला, कारखान्याचं यार्ड मोकळं पडलंय. आपल्या ऑफिसातल्या आदर्शला मुलगी झाली. आईनं शिरोळहून काकवी पाठवलीय, पण डॉक्टरांना विचारूनच द्या.

कारखाना आता तुम्ही केलेली जोडणी काढून टाकायला सांगतोय. वहिनी, सर घरी कामाचं फारसं बोलत नसत, म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या सिस्टिमचे दोन भाग. एका भागात प्रत्येक ऊसतोड टोळीमागे एक छोटा प्रोग्रॅम, त्याला आम्ही अॅक्टर म्हणतो. त्याची स्वतःची पेटी असते. कुणाच्या रानात जायचं याचे आलेले निरोप एकेक करून वाचायचे आणि टोळीच्या मोबाईलवर धाडायचे, एवढंच त्याचं काम. दुसऱ्या भागात बारा कॉम्प्युटर सगळ्या गावांची माहिती वाटून घेतात आणि कुणाची तोड आधी ते ठरवून अॅक्टरला निरोप देतात. त्यातला एखादा बंद पडला की त्याचं काम दुसरा पहिल्यापासून करतो. त्यात गणित बिघडत नाही, पण गेलेले निरोप पुन्हा जातात. म्हणून सरांनी प्रत्येक निरोपाला नंबर दिला होता. तोच नंबर परत आला की अॅक्टर तो निरोप टाकून देई. दोन्ही भागांचा सांधा तो एवढाच.

सतरा जानेवारीला तो सांधा निसटला. बावीस टोळ्यांना जुने निरोप पुन्हा गेले आणि त्या तोडून झालेल्या रानांत जाऊन उभ्या राहिल्या. गारगोटीकडच्या सीताबाईंचा ऊस विजेच्या तारेच्या ठिणगीनं जळाला होता, त्याला त्याच दिवशी तोड हवी होती. तो दोन दिवस उन्हात वाळत राहिला. माणसं यार्डात चालून आली तेव्हा सर, तुम्ही पुढं झालात. "जोडणी मी केलीया. चूक माझी हाय, ह्या पोरांची न्हाय." तसं लिहूनही दिलंत, आणि संध्याकाळी तुम्हाला घरी बसवलं. सहा आठवड्यांनी तुम्हाला अर्धांगवायूचा झटका आला.

सर, चूक तुमची नव्हती.

डिसेंबरात तुम्ही चार दिवस रजेवर होतात. सगळे नंबर लक्षात ठेवून अॅक्टर जड झाले होते, सिस्टिम रखडत होती. एका दिवसापेक्षा जुने नंबर विसरायचे, असं मी करून टाकलं. तुम्ही आलात की सांगणार होते. सिस्टिम सुरळीत चालली, मग सांगायचं राहिलं. त्या दिवशी जो कॉम्प्युटर बंद पडला, त्याचं काम सव्वा दिवसाचं होतं; दुसऱ्यानं ते पहिल्यापासून धरलं तेव्हा सुरुवातीचे नंबर अॅक्टर विसरून गेले होते.

हे मला त्याच दुपारी समजलं होतं. तुम्ही माणसांसमोर उभे होतात आणि मी तुमच्या मागे, तुमची पाण्याची बाटली धरून. मी तोंड उघडलं नाही.

परवा वहिनी चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "व्हय." "सर, तुम्हाला ठाऊक होतं?" "व्हय." "मग माझं नाव का नाही घेतलंत?" "व्हय." "रागावलात माझ्यावर?" "व्हय." वहिनींनी चहा आणून साखर पुरे का विचारलं, तेव्हाही "व्हय." तेवढा एकच शब्द राहिलाय तुमच्याकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण वहिनी म्हणाल्या, हल्ली ते कशानंही येतं. 

काल मॅनेजर बाळासोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "विश्वजितरावांनी लेखी दिलंय की. मागं घ्यायचं तर त्यांनीच घ्यायला पायजे. सही आणा, कागद फाडतो." तुमचा उजवा हात उचलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. वरच्या साहेबांना मेल केला. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं.

आज सकाळी एस.टी.नं गारगोटीला गेले, तिथून रिक्षानं सीताबाईंच्या रानात. त्यांच्यासमोर हात जोडून म्हटलं, मावशी, चूक माझी होती. त्यांनी मला सावलीत बसवलं, ताक दिलं. म्हणाल्या, "सायबाला वाचवाय आलीस का गं? त्यो मानूस चांगला हाय. कबूल तरी केलं त्यानं." मी परत परत सांगत राहिले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

वहिनी, इथवर वाचलं असेल, तर माझा गुन्हा मी तुमच्याच तोंडून सरांना सांगितला. तुमच्या डोळ्यांत बघून सांगायला जमलं नाही, म्हणून ही पळवाट काढली. सरांना किती समजलं ते तुम्हालाही कळणार नाही. तुम्हाला मात्र सगळं समजलं असेल.

एक फेब्रुवारीपासून सरांच्या खुर्चीत बसणारी,
प्रियदर्शनी