आडवा गेला

ब्रह्मपुरी, १२ मार्च २०२४

ती. आबाजींस,
आचलचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आपल्या गावात तळ्याच्या उंच पाळीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, म्हणून हे पत्र. तुम्हाला पत्र आवडतंही. मिरची तोडायला गेलेल्या बाबांचा तेलंगणातून काही निरोप?

आज इंग्रजीच्या तासाला मॅडमनी चालण्याची क्रियापदं घेतली. त्यातलं एक कुणालाच येईना. सायडल. म्हणजे बाजूबाजूने सरकत जाणं. मी म्हटलं, खेकड्यासारखं. मॅडम म्हणाल्या, खेकडा चालतोच तसा, त्याच्या मनात काही नसतं. सायडल करणाऱ्याला यायचं तुमच्याकडेच असतं, पण तो तुमच्याकडे बघत नाही आणि समोरूनही येत नाही. मग त्यांनी माझ्या मैत्रिणीला, हर्षाला, करून दाखवायला लावलं. ती खिडकीकडे बघत, फळ्याकडे बघत उगाच फिरत राहिली आणि माझ्या बाकावरचा पेन कधी उचलला ते मला कळलंच नाही. सगळा वर्ग हसला.

याला आपल्याकडे काय म्हणतात? तुम्ही सांगितलंत तर मी वर्गात जरा भाव खाईन.

आईला म्हणावं, मासोळ्या वेचताना चिखलात फार वेळ वाकून राहू नको, मग कंबर धरते. तब्येत जपा आणि या नातीवर अशीच माया ठेवा.

तुमची,
आचल


सिंदेवाहीजवळून, १९ मार्च

चि. आचल हिस आजा इस्तारीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पोरगी शिकायला पाठवली आणि तिथं पेन चोरायचे धडे देतात, हे तुझ्या बापाला कळवू का? तो मजेत आहे, महिनाअखेर येतो म्हणाला.

शब्दाचं खरं सांगू का, आपल्याकडे त्याला शब्द नाही. जुनी माणसं हातानं दाखवत. तळहात उभा धरायचा, बोटं भलतीकडे, आणि हात हळूहळू आपल्याच छातीशी आणायचा. माझा बाप असं दाखवायचा. कशाबद्दल, ते काही केल्या आठवत नाही. म्हातारा झालो.

तळं आटत आलं आहे. तुझी आई रोज सकाळी बायकांबरोबर काठच्या चिखलात मासोळ्या वेचते. यंदा मोठं जनावर, पट्ट्याचं, आपल्याच तळ्यावर पाण्याला येतं. आधी पलीकडच्या बांबूत दिसलं, मग पळसांच्या रांगेत, आणि परवा काठाला बांधलेल्या आपल्या डोंग्याजवळ. घाबरू नको. दरवेळी आडवंच गेलं, बायकांकडे मानसुद्धा वळवली नाही. तोंड दाखवलं तर पळायचं, आडवा गेला तर गेला, हे तुलाही लहानपणापासून माहीत आहे. शेजारची रुखमाबाई म्हणते, त्याले आपल्याशी काय करा लागते, तो आपल्या रस्त्यानं जाऊन राह्यला.

अभ्यास कर, जेवणाची हयगय नको. म्हाताऱ्याला विसरू नको.

तुझा,
आबाजी


ब्रह्मपुरी, २३ मार्च

ती. आबाजींस,
आचलचा नमस्कार.

घाईत लिहिते आहे. बांबू, पळस, डोंगा. तुमचंच पत्र मनात पुन्हा वाचा. तो आपल्या रस्त्याने जात नाही, आबाजी. तो आईकडे येतो आहे. हर्षाही माझ्याकडे बघत नव्हती.

फोन लावणार होते. पण आईशी बोलायचं तर तिला तळ्याच्या पाळीवरच यावं लागेल, म्हणून हात आवरला. वनरक्षकाला इथून कळवलं आहे. तो येईपर्यंत आईला तळ्यावर जाऊ देऊ नका. माझं ती हसण्यावारी नेईल, तुमचं ऐकेल. मला फार भीती वाटते आहे. पेपर झाला की निघतेच.

तुमची,
आचल


१० एप्रिल

चि. आचल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू आबाजींची तेरवी करून गेलीस आणि त्यांच्या नावाचं तुझं पत्र आज आलं. होळीच्या गडबडीत कुठं पडून राहिलं कोण जाणे. मीच फोडलं.

तुला एक सांगायचं राहून गेलं. घर माणसांनी भरलं होतं. पत्र त्यांना मिळालं नाही, तरी त्यांना कळलं होतं. तू हे लिहीत होतीस त्याच दिवशी जेवता जेवता त्यांचा हात थांबला. तळहात उभा करून त्यांनी छातीशी आणला आणि म्हणाले, रंभा, माह्या बाप हे वाघाचंच दाखवत होता. उठले आणि घरोघरी जाऊन साऱ्या बायकांचं तळ्यावर जाणं बंद करून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वनरक्षक यायच्या आधीच, मी म्हटलं, जाळं काठावर राहिलं आहे, तेवढं घेऊन येते. ते म्हणाले, मी आणतो. मी म्हटलं, तुमाले तं ऐकू येत नाई. तर हसले. म्हणाले, तो आवाज करून येतच नाई, मंग कानाचं काय काम.

आपल्या शेजारचा विनोद तेव्हा पाळीखाली होता, तो सांगतो, ते चारी बाजूंना बघत बघतच गेले. जाळं गोळा करायला तेवढे एकदा वाकले. माझ्या वाटचं त्यांच्यावर गेलं, हे माझ्या मनातून जात नाही, आचल.

वनखात्याच्या माणसांनी मला विचारलं, इतके दिवस दिसत होता, तर नेमका येत कसा होता? तुझा शब्द माझ्या जिभेवर येत नाही. मी त्यांना हात करून दाखवला.

त्यांनी तळ्यावर पिंजरा लावला आहे. तो मात्र काल रुखमाबाईला शाळेच्या वाटेवर दिसला. आडवा गेला, एवढंच म्हणाली आणि दार लावून आत बसली.

सुट्टीत ये, तुझ्याशिवाय घर खायला उठतं. पण विनोद स्टॉपवर उभा दिसल्याशिवाय एसटीतून उतरू नको. नसला तर तशीच पुढं सिंदेवाहीला जा.

तुझी,
आई