समोरच्या चार खिडक्यांबाबत

मी, जर्मानो अबिलियो बेतेनकूर, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने करसल्लागार, राहणार फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि पाठीमागे उभे राहून कोणी सांगत नसताना लिहीत आहे. पुढील महिन्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत. मी लोकांची करविवरणपत्रे भरतो. निर्धास्त माणसांवर माझा विश्वास बेताचाच आहे.

माझी पत्नी सेलेस्त हयात असताना केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यात सर्व काही तिला दिले होते. ते लिहायला फारसा वेळ लागला नव्हता.

१. बँकेतील शिल्लक, विम्याची रक्कम आणि माझा व्यवसाय विकून जे येईल ते माझी एकुलती मुलगी इवोने हिला मिळावे. सेलेस्तचे शिलाई यंत्रही तिलाच. त्यात अडकलेला निळा दोरा मी काढलेला नाही. तिनेही घाई करू नये.

२. वडिलांची सुतारकामाची हत्यारे माझी थोरली बहीण डिओलिंडा हिला द्यावीत. रंग खरवडण्याचे पाते मात्र कोणालाही देत नाही. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून धोकादायक कचऱ्यात टाकावे. कारण कलम ४ मध्ये.

३. सेंट्रल स्ट्रीटच्या चढावरील आमचे तीनमजली लाकडी घर, ज्यात मधल्या मजल्यावर मी व वरच्या मजल्यावर डिओलिंडा राहते, ते तिला आणि इवोनेला निम्मे-निम्मे मिळावे. माझ्यामागे ते विकले जाईल हे मी गृहीत धरतो. डिओलिंडाला जिने चढवत नाहीत आणि इवोनेचे बिऱ्हाड प्रॉव्हिडन्सला आहे. विक्रीचे काम डिओलिंडाचे दीर व्हास्को यांना देऊ नये. त्यांना माझे दोन टाय द्यावेत.

४. दरवर्षी उन्हाळ्यात पवित्र आत्म्याच्या सणाची मिरवणूक आमच्या दारावरून जाते. रस्त्याकडच्या खिडक्यांतून घरातली सर्वांत चांगली विणलेली चादर बाहेर सोडायची, ही पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेली आमची रीत. चादरीखाली जुनाट चौकट दिसलेली आईला खपत नसे. म्हणून सणाआधी वडील त्या चार चौकटी खरवडत आणि आई त्यांना हिरवा रंग देई. मागच्या खिडक्यांकडे कोणी पाहत नसे, त्यामुळे त्या तशाच राहिल्या. अठ्ठ्याहत्तर साली शिसेयुक्त रंगावर बंदी आली तोवर त्या चौकटींवर थरांवर थर चढले होते. खिडकी वर-खाली केली की त्याची बारीक धूळ पडते, आणि जमिनीवर रांगणारे मूल ती बोटांनी तोंडात घालते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते.

कायद्याने घर विकणाऱ्याला शिशाबद्दल जे ठाऊक असेल ते सांगावे लागते. तपासून घेण्याची सक्ती नाही. म्हणून आमच्या रस्त्यावर कोणीच तपासत नाही. अशा घराला इकडे ‘मुके घर’ म्हणतात, आणि मुक्या घराला भाव चांगला येतो.

माझी नात क्लारा वर्षाची झाली तेव्हा इवोने मला बागेतल्या बाकावर म्हणाली, “बाबा, डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबांचं घर किती जुनं आहे, तपासलंय का. काय सांगू?”

“तपासलेलं नाही, असं सांग.”

“मग क्लारा आत येणार नाही. रागावू नका हं.”

मी रागावलो नाही. गेल्या सणाला क्लारा समोरच्या फुटपाथवर बापाच्या खांद्यावर होती आणि मी खिडकीत एकटा, आईच्या चादरीवर कोपर टेकून. मध्ये बँड होता. तिने हात हलवला, पण तो मला की बँडला हे अंतर पाहता सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तपासनिसाला बोलावले. डिओलिंडा जिन्यातच बसली.

“डोकं फिरलंय का तुझं? तपासलंस की कळणार. कळलं की सांगावं लागणार. आज आपण ‘माहीत नाही’ म्हणतो, ते खोटं नाहीये.”

“खरंही नाहीये.”

“याच खिडक्यांखाली आपण वाढलो ना रे? काय झालं आपल्याला?”

“तू व्हास्कोच्या भावाशी लग्न केलंस.”

“ते शिशानं नाही, माझ्या मूर्खपणानं!”

तपासनिसाच्या यंत्राने घर बोलते केले. सर्वांत जास्त शिसे समोरच्या चार चौकटींत निघाले. सबब:

(अ) त्या चौकटी परवानाधारक कामगारांकडून काढून घ्याव्यात. त्यांनी येत्या हिवाळ्याची वेळ दिली आहे. मी असलो तर खर्च माझा, नसलो तर माझ्या शिल्लकेतून.

(आ) घर विकताना तपासणीचा पूर्ण अहवाल, मग कामे झालेली असोत वा नसोत, खरेदीदाराने भाव बोलण्यापूर्वी त्याच्या हातात द्यावा. किंमत उतरेल. उतरू द्यावी.

(इ) नव्या खिडक्या बसल्यानंतर एक सण या घरात करावा आणि मगच घर विकावे. चादर आईचीच असावी. क्लाराला आतून खिडकीशी उचलून धरावे. मी असेन तर ते काम दुसऱ्या कोणी करू नये.

५. हे वाचणाऱ्या वा ऐकणाऱ्या प्रत्येक वारसाला त्या क्षणापासून शिशाची माहिती आहे असे समजावे. विक्रीच्या कागदावर ‘माहीत नाही’ या चौकोनात खूण करण्याचा अधिकार माझ्यामागे कोणाकडेही राहत नाही.

वरील मजकूर मी आज डिओलिंडाला स्वयंपाकघरात वाचून दाखवला. ती म्हणाली, “म्हणजे मलाही अडकवलंस.” मी होकार दिला. “तिला खिडकीत धरताना नीट धर,” ती म्हणाली, “अंगात दम नसेल तर मी मागून धरीन.” आणि तिने पेन मागितले. ती लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. तिची नोंद केवळ पोच समजावी.

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष केली:
आर्माँ थिबो, केशकर्तनालय चालक
एतेलविना काब्राल, बेकरी चालक

फॉल रिव्हर, दि. ११ मे २०१९
(सही) जर्मानो अ. बेतेनकूर

पोच: ऐकलं. मला माहीत आहे.
(सही) डिओलिंडा