पोटावरच्या रेघा

पासली, बुधवार

प्रिय सुप्रियास,

सांगते मी, लिहिते तुझी आई. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. सातवी शिकलेली बाई, माझं बोलणं धुऊन-पिळून कागदावर वाळत घालते. तेव्हा यात गोड लागेल ते तिचं समज, झोंबेल ते माझं.

मागं फोनवर तू विचारलंस, वजन उतरलं पण पोटाची अन् दंडाची कातडी लोंबायला लागली, आजी, काय लावू? अगं, विचारायचं तर निदान माझ्याकडं बघून तरी विचारायचंस. माझ्या कातडीत अजून एक म्हातारी मावेल. तुला घरात सगळे हत्तीण म्हणायचे. हत्तीण गेली, कातडं तेवढं तुझ्याकडं विसरून गेली. असो. घड्यांमध्ये घाम साचू देऊ नकोस. अंघोळ झाली की मऊ सुती फडक्यानं टिपायचं, चोळायचं नाही. लाल झालं तर खाजवत बसू नकोस, डॉक्टरला दाखव. बाकी अंगाला खोबरेल लाव. त्यानं कातडी आवळायची नाही, पण तडतडायची थांबेल. उपाशी राहू नकोस, डाळ खा, मटकी खा, अंडी खा. लई घाईनं उतरवलंस बाई तू, कातडीला मागं यायला सवड तरी द्यायची. अन् ते पोटाला पट्टा आवळणं बंद कर. पोट बांधतात बाळंतिणीचं. घोटाळा झालाय तो तिथंच.

भोंगवलीच्या स्वरूपची माणसं पहिल्यांदा तुला बघायला आली, तेव्हा त्याची आत्या रतनबाई चहाची बशी फुंकत म्हणाली होती, पोरगी चांगली आहे, पण देवानं दोन पोरींचं सामान एकीतच भरलंय, बारीक झाली तर कळवा. सगळे हसले. मीही हसले, बोलली झकास होती. तू तेवढी हसली नाहीस. पुण्याला गेलीस, नोकरी धरलीस, पहाटे उठून चालत राहिलीस, चपातीचे चतकोर मोजलेस आणि अर्धी होऊन आलीस. तुझ्या बापानं, हनुमंतानं, त्यांना कळवलं. म्हैस आटली तर दुःख करणारा माणूस, लेक आटली तर पेढे वाटत फिरला.

साखरपुड्याला रतनबाईनं त्यांच्याकडची साडी आणली आणि आतल्या खोलीत तुला स्वतःच नेसवायला घेतली. निऱ्या खोचताना तिचा हात थांबला, आठवतं? तुला वाटलं निऱ्या सुटतायत. तिनं तुझं सैल पोट बघितलं, पोटावरच्या पांढऱ्या रेघा बघितल्या. बाहेर येऊन जिलेबी खाल्ली, परत मागून घेतली, तुला कुंकू लावलं आणि गेली. तू एसटीत बसलीस ती खुशीतच.

दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी आधी एकदा मोकळी झालेली आहे. आपल्याकडं बाळंत झालेलीला मोकळी म्हणतात, तुझ्या पुण्यात काय म्हणतात ठाऊक नाही. असं पोट आणि अशा रेघा दुसऱ्या कशानं येतच नाहीत, आम्हाला शिकवू नका, गावातली बाळंतपणं आम्ही केलीत, असं रतनबाईचं म्हणणं. मी हनुमंताला म्हटलं, अरे, पोतं रिकामं झालं की लोंबतं, आत काय भरलं होतं ते पोत्यावरून कसं कळायचं? चरबी गेली तरी पोट असंच दिसतं. त्यानं उलट रतनबाईलाच फोन लावून हळू आवाजात विचारलं, यातून वाट काय? भोरला तिच्या ओळखीची डॉक्टरीण आहे. सोमवारी तुला तिथं तपासायचं आणि रतनबाई शेजारी बसून बघणार. स्वरूपला विचारलं तर म्हणे, आत्या म्हणेल तसं. तुझा बाप हो म्हणाला. पोरगी नीट असेल तर भ्यायचं काय, म्हणाला.

हे सांगून तू येणार नाहीस, एवढं त्यालाही कळतं. म्हणून रविवारी तुला फोन येईल, आजी पडली, शुद्ध नाही, तोंडात पाणी घालायला ये. घरातला मोबाईल त्याच्या खिशात असतो, म्हणून हा कागद पुण्याला निघालेल्या शेजारच्या गेनबाच्या हाती सकाळच्या एसटीनं पाठवते आहे. मला काही झालेलं नाही. आत्ताच ठेचा-भाकरी खाऊन बसलेय. फोनवर बोलेल ती तुझी आईच. तिला रडायला सांगितलंय आणि ती रडेल, अगदी खरं रडेल, कारण त्याला नाही म्हणायला ती आजवर शिकली नाही. आत्ताही रडते आहे, अक्षर फिसकटलं असेल तर ते त्यानं. तिचं रडणं ऐक आणि फोन ठेव. येऊ नकोस. आणि माझं वय झालंय, एखाद्या वेळी मी खरंच मेलेली असेन, तरी येऊ नकोस. तोंडात पाणी घालायला हितं माणसं पुष्कळ आहेत.

तुझीच,
आज बुधवारी तरी धडधाकट असलेली
आजी