टीव्हीत न मावलेली विहीर

३ नोव्हें., सोम.
खामगावच्या संस्थेतून परत फोन. एक तारखेपासून रिपेअरिंगचा वर्ग घ्यायचा. ‘सर’ म्हणाले. दहावी नापास, तरी सर! हो म्हणून टाकलं. फोन ठेवतो तोच आतून आबांची हाक. लघवीचं भांडं.
मी गेलो तर अंथरुणावरच्या वडिलांना कोण बघणार? गाठ तीच. शेताची वाटणी झाल्याशिवाय विलास आबांना त्याच्या घरी नेत नाही. धाकटा भाऊ असून अट घालतो. आणि वाटणीचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आबा अंगठा देत नाहीत. कागदावरचं दिसत नाही, लॅपटॉपची काच चमकते. “टीव्हीत दाखव. त्याच्यात मले साफ दिसते.”
टीव्ही २१ इंची, पिक्चर ट्यूबवाला. बावीस वर्षं मीच जिवंत ठेवलेला. नवीन आणू म्हटलं तर, “याले काय झालं?”

५ नोव्हें.
लॅपटॉप टीव्हीला जोडायचं सामान आणायला बुलढाण्याला जाऊन आलो. दुकानदार नुसती वायर गळ्यात मारत होता. एका टोकाला लॅपटॉपची पिन, दुसऱ्याला टीव्हीच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना. आत सर्किटच नाही, सिग्नल बदलणार कोण? कन्व्हर्टरची डबीच घेतली. तिला वेगळा करंट लागतो, हे त्यालाच मी सांगितलं.

६
जोडलं. चित्र आलं, पण काळं-पांढरं. अर्धा तास पिना हलवत बसलो. मग डबीच्या बाजूला बारीक खटका दिसला, परदेशी पद्धतीवर ठेवलेला. सरकवला. रंग आले.
सुनंदा : “झालं ना? आता माही सिरीयल लावा.” बायकोनं तेवढंच कौतुक केलं.

९, रवि.
विलासला बोलावलं. आबांना लोडाला टेकवून बसवलं. आकडे आधीच मोठे करून ठेवलेले, ट्यूबवर बारीक अक्षर फाटतं. विलासचा हिस्सा हिरवा, माझा पिवळा. आबा एकेक बांध ओळखत गेले. “हा निंबाचा... हा तुह्या मायनं घातला...” खूश. मग थांबले.
“इहीर कुठी गेली बे?”
विहीर पूर्वेला, अगदी कडेवर. आणि असला टीव्ही चारही कडा थोड्या खातोच, बनावटच तशी. मला हे ठाऊक. तरी कडा तपासल्या नाहीत. मी!
“आबा, टीव्हीनं कापली ते.”
“टीव्ही कापते? अन् टीव्ही कोनाच्या हातात हाय?”
लॅपटॉपमध्ये जाऊन चित्र लहान केलं. विहीर आली. वाटलं, सुटलो.
“आता कशी आली? म्हंजे तुह्या मनात आलं तं दिसते, नाही आलं तं नाही.”
विलास दात काढून, “दादा, कडेले अजून काय काय ठेवलं असन?”
अंगठा नाही.

१४
पाच दिवस हेच. विलासला शेतात पाठवून विहिरीचा व्हिडिओ मागवला, तोही टीव्हीवर लावला. आबा म्हणतात, “इहीर तं हाय. पन कोनाच्या वाटनीत?” म्हटलं, सामाईक लिहिलंय. “लिव्हलं कोनं?”
सरकारी मोजणीदारानं. पण मोठं करून दाखवलं मी.

२१
आता रोज नाश्ता झाला की, “लाव बे.” दुपारपर्यंत नकाशा. मधेच, “डावीकडे सरकव.” मला उठता येत नाही. दुरुस्तीला आलेले दोन मिक्सर तसेच पडून. सुनंदाची सिरीयल गेली ती गेलीच. “हौस तुमालेच होती. आता भोगा.”

२८, शुक्र.
सकाळी आबांची दाढी करत होतो. नजर टीव्हीवर. एकदम,
“खामगावले कवा चालला?”
मी सांगितलं नव्हतं. पण फोनवर बोलतो ते भिंतीपलीकडे...
“एक तारखेले. तुमी अंगठा देला तं.”
“अन् हा टीव्ही?”
“तुमच्यासंगं विलासच्या घरी.”
वस्तरा गळ्यावर होता, हात थांबवला. आबांनी टीव्हीकडे बोट केलं.
“त्याले लावता येते?”
“शिकवतो ना त्याले. एका घंट्याचं काम.”
“शिकव. तो शिकला का देतो अंगठा.”
अर्धी दाढी तशीच ठेवून विलासला फोन लावला. बाजूला ट्रॅक्टर चालू, दोनदा सांगावं लागलं.
“मी कायले शिकू दादा? तू हायेस ना.”
सोमवारी एक तारीख.