उभी पंगत

३ एप्रिल १९६६

ठरलं! आठ मे. उरवड्याची माणसं सुपारी फोडून आत्ताच गेली. सगळे हसत होते, काकीनं तर आनंदानं दोनदा डोळे पुसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि डोळ्यांपुढं काय? नवरा नाही, दागिने नाहीत. पंगत!

लग्न म्हटलं की जेवण, जेवण म्हटलं की पंगत, आणि पंगत म्हटली की आई नाही.

आजीच्या तेराव्याला आई आली होती ना. ताम्हिणीहून, पायी. पंगतीच्या पार शेवटी, जोत्याला टेकून बसली. मी मीठ वाढत होते. तिच्या पत्रावळीपर्यंत पोचले, तर पहिल्या पाटावरून कोंडिबा आबांनी हातातलं पाणी खाली सोडलं आणि उठले. भावकीतले सर्वांत वडील तेच. ते उठले तशी सगळी ओळ उठली. भात वाफाळत तसाच. आईनं पदर सावरला आणि निघून गेली. माझ्या मुठीत मीठ तसंच राहिलं.

का, तर बाबा गेल्यावर तिनं दुसरा संसार केला. तोही डोंगरातल्या कान्हूशी — मध काढणाऱ्या, हिरडा गोळा करणाऱ्याशी! मला तात्यांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, ठेवून घेतलं. पोटच्या पोरीसारखं वाढवलं, खोटं कशाला बोलू. पण आईचं नाव त्यांनी परत कधी घेतलं नाही. घरात तिचा विषय निघाला की तात्या उठून गोठ्यात जातात.

आई माझ्या लग्नात हवी. बस्स. आणखी काही नको मला.

६ एप्रिल

दुपारी ओट्यावर डोळा लागला. स्वप्नात आई दूधभात कालवत होती. तोंड दिसलं नाही, नुसती बोटं. कालवतेय, कालवतेय, घास काही उचलत नाही. मी तोंड उघडून बसलेली, एवढी मोठी घोडी!

जागी झाले तर आंब्याखाली ऊन हलत होतं. पश्चिमेचे डोंगर धुरकट. त्यांच्या मागं कुठंतरी ती आत्ता काय करत असेल? उठावंसंच वाटेना. काकीनं हाक मारली ती तिसऱ्यांदा ऐकू आली.

११ एप्रिल

तात्या पौडहून आले ते तोंड पाडूनच. धान्याची टंचाई. लग्नात फार पानं उठवायची नाहीत, असा सरकारी हुकूम. मामलेदार कचेरीत चांगलं दरडावून सांगितलं म्हणे. आमची भावकीच मोजायला बसलं तर मांडव पुरणार नाही!

काकी खाली बसली. ‘‘आता ओ? कुणाला बोलवायचं आन् कुणाला टाकायचं? तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई.’’

आणि मी बोलले. कसं बोलले देव जाणे! पुण्यात माझ्या मैत्रिणीच्या लग्नात जेवणच नव्हतं. हातात एकेक ताटली — चिवडा, लाडू, केळं. वर चहा. लोक उभ्याउभ्या खात होते, फिरत होते, वाटेल त्याच्याशी बोलत होते. शिजवलेल्या धान्याचा प्रश्नच नाही.

‘‘उभ्यानं?’’ काकी ओरडली. ‘‘उभ्यानं बैल खात्यात! माणसं व्हय आपण का कोण?’’

तात्या मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, ‘‘बघू.’’ तात्यांचं बघू म्हणजे नाही नसतं.

तेव्हाच, अगदी तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. पंगतच नसली तर कुणी उठणार कुठून?

१२ एप्रिल

करायचं म्हणाले! ताटल्या!!

१७ एप्रिल

गावभर झालं. कोंडिबा आबा काठी आपटत आले. ‘‘हैबतराव, लगीन हाय का च्याचं हाटेल?’’ तात्यांनी हुकुमाचं कारण पुढं केलं. आबा सरकारला चार शिव्या देऊन, आमचाच चहा पिऊन गेले.

उरवड्याहून सासूबाईंचा, सगुणाबाईंचा निरोप आला — ‘‘चालंल. पर वरमाईला टेकायला पाट तरी मिळंल न्हवं?’’ मला हसू फुटलं. या बाई मला आवडणार बहुतेक.

दिवसभर कामात लक्ष नाही. डोळे मिटले की मांडव दिसतो. कुणी बसलेलं नाही. सगळे हलके हलके चालताहेत, हातात चकचकीत ताटल्या, आणि गर्दीतून आई येतेय. तिला कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. पहिली नाही, शेवटची नाही. पिवळं लुगडं कशाला नेसेल ती, तिच्याकडं असेल का? पण माझ्या मांडवात ती पिवळ्याच लुगड्यात येते. भाकरी करपली. काकी म्हणाली, ‘‘हिचं लगीन लागलंच म्हणायचं.’’

२४ एप्रिल

पौडच्या बाजारात काकी बांगड्यांत गुंतली होती. मी सटकले. ताम्हिणीची गंगू करवंदं विकायला बसते, तिच्यापुढं वाकले आणि भडाभडा सांगून टाकलं. आईला सांग, आठ तारखेला ये. बसायचंच नाही कुणी, म्हणून सांग. पंगत नाही, म्हणून सांग.

गंगू बघतच राहिली. ‘‘बसायचं न्हाई? मंग लोकं जेवत्यात कुटं?’’

समजावता समजावता घाम फुटला. शेवटी म्हणाली, ‘‘सांगते माय. तुजी आई लई याद काढती.’’ आणि पानात करवंदं घातली, पैसे घेतले नाहीत. वाटेत सगळी खाल्ली मी. काकीला जांभळे ओठ दिसले, पण तिनं बांगड्यांचंच पुढं काढलं.

तात्यांना सांगितलेलं नाही. सांगणार नाही. त्यांनी नाही म्हटलं तर मग काय करू?

१ मे

गंगूकडून निरोप — ‘‘येती म्हणली.’’

येती म्हणली! येती म्हणली!

५ मे

साखर मिळेना म्हणून शेंगदाण्या-गुळाचे लाडू. चुरमुऱ्यांचा चिवडा उद्या. पुण्याहून भाड्यानं जर्मन धातूच्या ताटल्या आल्या, गवतात बांधून. दुपारी एकटीच घासायला बसले. ओल्या ताटल्या ओळीनं उन्हात मांडल्या आणि मी मांडवात पोचलेसुद्धा. आई म्हणाली, हौसा, किती गं वाढलीस. मी म्हणाले, तू उंच होतीस ना, मग? मग भानावर आले तर कोंबडी ताटल्यांवरून चालत गेलेली! परत घासल्या.

भीती वाटते का? वाटते. पण ती भीतीही गोड लागते आहे.

९ मे, उरवडे

नवी जागा, नवी खिडकी. बाहेर यांच्या इंजिनाची ठकठक. हे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही सुटका नाही. वही पेटीत तळाशी घालून आणली होती. काल काय काय झालं! लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

अक्षता पडल्या. सनई थांबली. तात्यांनी जाहीर केलं — ‘‘मंडळी, ताटल्या घ्या.’’ मी मुंडावळ्यांतून बघतेय. शेजारचा पोरगा नथू ताटल्या वाटतोय. पहिली ताटली कोंडिबा आबांनी घेतली, आणि काय केलं? मांडवाच्या कडेला जाऊन मांडी घालून बसले! त्यांच्या शेजारी त्यांचे भाऊ. मग त्यांच्याखालचे. मग पाहुणे. कुणी सांगितलं नाही, कुणी पाट मांडला नाही. आपापल्या मानानं, जो जिथं दरवेळी बसतो तिथंच! बघता बघता पंगत तयार. समोरासमोर दोन ओळी. ताटल्या पुढ्यात जमिनीवर. एकजण तर पाण्याचा तांब्या मागत होता. इतक्या दिवसांचं माझं स्वप्न माणसांनी मांडी घालून मोडलं.

आणि त्याच वेळी आई आली.

लुगडं पिवळं नव्हतं, विटकं हिरवं होतं. केस पांढरे. केवढी बारीक झालीय! नथूनं तिच्या हातात ताटली दिली, त्याला काय माहीत. दोन ओळींच्या मधे ती एकटी उभी. बसलेली सगळी माणसं मान वर करून बघताहेत. सनईवाल्यानंसुद्धा चिवडा खायचा थांबवला. आईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. असू दे गं, असं काहीतरी होतं त्या बघण्यात. ते मला सोसवेना.

मी उठले. शालू सावरत, मुंडावळ्या लोंबत, तशीच गेले आणि तिच्याशेजारी उभी राहिले. तिच्या ताटलीतला लाडू उचलला, मोडला आणि तोंडात घातला. सगळ्यांसमोर.

आबा ताडकन उठले. काठी टेकून. ते उठले तशी भावकी उठली, ताटल्या हातात घेऊन. उरवड्याचे लोक गोंधळून तेही उठले. तेराव्यासारखंच सगळं! मला काही दिसेनासं झालं. आईनं माझं मनगट धरलं होतं तेवढं आठवतंय.

आणि तात्यांचा आवाज आला. शांत.

‘‘झ्याक केलंत आबा. मी सांगणारच हुतो. आज उभ्यानंच खायाचं हाय.’’

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. काय करतील? बसावं तर तिच्यासमोर पंगतीला बसल्यासारखं होतंय, उभं राहावं तर लग्नाची रीतच ती! मागून सासूबाई हसल्या. खुदकन नाही, चांगल्या खो खो. मग पोरी हसल्या. उभी राहिलेली माणसं इकडंतिकडं सरकली, बोलू लागली, ओळी कुठल्या कुठं गेल्या. माझा मांडव! जसा डोळे मिटून बघितला होता तसाच, हलका हलका फिरणारा. आबा मात्र खांबाला टेकून चिवडा चावत राहिले. भूक लागली असणार.

तात्यांनी ते माझ्यासाठी केलं, आईसाठी केलं, की नुसती लग्नातली शोभा टाळली? कळत नाही. आईकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाठ करून पाहुण्यांना चहा देत राहिले.

आईनं उरलेला अर्धा लाडू पदरात बांधला. कुणासाठी ते मी विचारलं नाही. कान्हू ओढ्यापलीकडं थांबला होता, मांडवात आला नव्हता. जाताना आई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘‘ताटलीवर आले, लई बरं वाटलं. पर माझ्या चुलीपुढं बसून जेवलीस, तर जीव निवंल माजा.’’

मी हो म्हणाले. यांच्याकडं बघून हो म्हणाले. हे तेव्हा चुरमुरे मोजल्यासारखे ताटलीत बघत होते.

१५ मे

मांडव परतण्याला माहेरी घोटावड्याला जाऊन आले. काकीनं जवळ घेतलं, मग हळूच बातमी सांगितली. भावकी देवळात बसली होती. चिवडा कोरडा, तो धरायचा नाही असं ठरलं. ‘‘पर तिच्या चुलीवरचा भात जो खाईल, त्यानं आमच्या पंगतीला यायचं न्हाई. मग तो कुणी का आसंना.’’ आबांचे शब्द. तात्या तिथंच बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत, काकी म्हणाली.

एक अक्षरसुद्धा नाही! मांडवातले तात्या आणि देवळातले तात्या, खरे कोणते? फार राग आला. निघताना पाया पडले पण तोंडाकडं बघितलं नाही. त्यांनीही डोक्यावर हात ठेवला आणि गोठ्यात निघून गेले.

२१ मे

यांना काल रात्री सांगितलं. मी जेवायला जाणार. घोटावड्याचं दार बंद झालं तरी जाणार.

हे हातातला पाना पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘एकटी कशी जाशील? मला काय भूक लागत न्हाई?’’

सासूबाईंनी आतून ऐकलं असणार. सकाळी न विचारता नारळ आणि खण काढून ठेवला. मी काकीला तेवढा निरोप धाडला, एकोणतीसला जातोय म्हणून.

२४ मे

दुपार नुसती तरंगत गेली. खिडकीत बसून होते. डोंगरातली वाट, मग झोपडी, मग चूल. आई पाट मांडते, मी बसते. आता स्वप्नात घास उचलला जातो. तोंडापर्यंत येतो. पण प्रत्येक वेळी मागं कोणीतरी पाट सरकवून उठल्याचा आवाज होतो, आणि वळून बघितलं की तात्या.

त्यांचा राग गेला. वाईट मात्र वाटतं. तीस वर्षं भावकीत पहिल्या ओळीत बसलेला माणूस. त्यांनी तरी काय करावं?

२९ मे, ताम्हिणी

पोचलो. झोपडीबाहेर ओळखीच्या वहाणा. आत वाकून बघितलं, तर चुलीपुढं तात्या! पाटावर, मांडी घालून, कान्हूच्या शेजारी. पुढ्यात भात, अजून हात लावलेला नाही. आई उभी राहून डोळे पुसतेय.

तात्यांनी मान वर केली.

‘‘या. बसा लवकर. पंगत अडलीय तुमच्यापायी.’’