शालनसाठी घेतलेलं पेन

इटारसी
ता. २४ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. शालन हिस अ. उ. आ. (ही अक्षरं थोरल्या भाऊंच्या पत्रात बघून काढली. आशीर्वाद असा अर्थ हाय म्हणं.) मी हितं रेल्वेच्या यार्डात खुशाल हाय, तुमी समदी लोहगडवाडीला खुशाल असाल.

हे पत्र पेनानं लिहितोय. टेशनाबाहेर एक म्हातारा चादरीवर मांडून बसतो, त्याच्याकडनं सगळ्यात स्वस्तातलं घेतलं. काळं, जाडं, टोपणाला पितळी कडं. पैल्यांदा निब कागद खरवडत होती, ती दौतीच्या काचेवर हळूहळू घासली. मानेतनं शाई गळून बोटं निळी व्हायची, तर आट्यांना वॅगनचं ग्रीस लावलं. आता थेंब गळत न्हाई. शाळेतला टाक सारखा बुडवावा लागायचा, पेन्सिलीला जोर लागतो. ह्याला नुसता हात ठेवला की चालतं. रोज मालडब्यांचे नंबर लिहितो, मुकादम म्हणाला, तुझं आता वाचाय येतं. पेन गरिबाचं, पण लय गुणाचं.

म्हणून तसलंच एक तुला घेतलंय. माझ्यासंगं यार्डात काम करणारा दत्तोबा कार्ल्याला घरी येतोय, त्याच्या हाती देतो. तुझी चौथी झालीय, माझी दुसरीच, तरी आजवर तुझी खुशाली भाऊच लिहितात. मागं मी विचारलं, शालन हितं राहायला येईल का, तर त्यांनी लिहिलं, तिला वाडीच बरी वाटते. हे तुझं म्हणणं का भाऊंचं, मला कळंना. तू नवऱ्याचं नाव लिहिणार न्हाईस, आन् पत्ता घालायला पाकीट भाऊंकडं गेलं की आत काय ते बी इचारणार. म्हणून पेनासंगं कोरी पाकिटं देतोय, त्यांच्यावर माझं नाव-पत्ता मीच घातलाय. आत तुला वाटंल ते लिही. न्हाई म्हणालीस तरी चालंल, पण तू म्हण.

लोभ असू दे, वाळू देऊ नको.
नवसू


लोहगडवाडी
ता. ५ मार्च १९६३

तीर्थस्वरूप यांस (पुढचं नाव पाकिटावर तुमीच घातलंय) शि. सा. न.

पेन पावलं. झटकून बघाय गेले तर शाई जाऊबाईंच्या लुगड्यावर उडाली, त्या अजून फुगून हायत. पण चालतं मातुर लोण्यावाणी. गुरांमागं जाताना कमरेला खोचून नेते आन् रानात दगडावर बसून लिहिते. तुमचं अक्षर मालगाडीवाणी एकाला एक जोडलेलं, जरा सुटं लिहीत जावा.

भाऊंनी मला इचारलंच न्हवतं. त्यांचा राग धरू नका, शेतावर हात कमी पडतात. वाडी मला बरी वाटते हे खोटं न्हाई, पण तुमच्याबिगर करमत न्हाई. तरी लगेच येते म्हणत न्हाई. तुमी लोणावळ्याची चिक्कीची भट्टी सोडली, मग कल्याणची गिरणी सोडली, दर खेपी मुकादमच वाईट. मी आले आन् तुमी इटारसी बी सोडली, तर परक्या मुलखात मी कुणाच्या दारात उभी राहू? टिकणार असाल तर तसं भाऊंना लिहा. मला गुपचूप नको, त्यांना उघड. मग येते.

कमीजास्त पोटात घाला, माया कमी करू नका.
आपली शालन


इटारसी
ता. १४ मार्च १९६३

ती. भाऊ यांस धाकट्या नवसूचा शि. सा. न. वि. वि.

दत्तोबा पाडवा करून बायकोला घेऊन परत येतोय. त्यांच्यासंगं शालनला धाडा. मी तिला इचारलंय, ती येते म्हणाली. तुमी तिला न इचारता लिहिलंत, ते मनात धरत न्हाई. मला तुमी धरसोड्या म्हणता, त्यात खोटं काय न्हाई. पण परवा मुकादमाशी लय वाजलं. गठुडं बांधाय घेतलं, पुन्हा सोडलं आन् सकाळी कामावर गेलो. मागच्या मुकादमांपुढं हे जमलं न्हवतं. भातलावणीला आमी दोघं येऊ, हात कमी पडू देणार न्हाई.

नळाजवळची खोली घेतलीय. दाराला आतनं कडी न्हवती. एकट्याला तिची गरज पडली न्हाई. काल बसवली.

रागवा, पण माया असू द्या.
आपला नवसू